गप्प झालेलं माणूस

उकळतं पाणी आक्काच्या डाव्या पायावर पडलं तेव्हा तिच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते छापण्याजोगे नाहीत. त्या घरात तसे शब्द काढायला बंदी होती. ओरडायलाही बंदी होती. आक्का ओरडली, आणि अशी ओरडली की वरच्या मजल्यावरची पोरं पलंगाखाली शिरली आणि एकाने उभ्याउभ्या चड्डी ओली केली. पाणी ओतणारी मात्र जागची हलली नाही. रिकामं पातेलं दोन्ही हातांत धरून ती भिंतीला पाठ लावून उभी होती. नऊ-दहा वर्षांची, हाडांचा नुसता सापळा. आक्का पुन्हा जवळ आली तर आता पातेलंच डोक्यात घालायचं, हे तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

आक्काचा गुन्हा एवढाच, की पोरीचा हात भाजू नये म्हणून ती फडकं घेऊन तिच्या मागे जाऊन उभी राहिली होती. पोरगी धाकट्या भावाच्या अंघोळीचं पाणी शेगडीवरून उतरवत होती. करायला गेली एक आणि झालं भलतंच. आक्काचा हात वर गेला होता. त्या घरात बरणी काढायला हात वर करायचा तरी आधी सांगावं लागे, आणि हा हात काही बरणीसाठी वर गेलेला नव्हता. तिने तो मोठ्या कष्टाने खाली घेतला आणि लंगडत नळाकडे गेली. पायाला फोड आले, चामडी निघाली, आणि घर चालवणाऱ्या मोठ्या बाई मलम लावायला बसल्या तेव्हा आक्का म्हणाली की ही पोर नाही, विंचू आहे. ते नाव पोरीला चिकटलं ते चिकटलंच.

ते घर होतं नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांचं आणि त्यांच्या पोरांचं. बाहेर पाटी नव्हती. फाटक उंच, खिडक्यांना जाळी, आणि पत्ता कुणाला सांगायचा नाही ही पहिली अट. आक्का तिथे स्वयंपाक करायची.

त्याआधी तिचं सारं आयुष्य आवाजावर गेलं होतं. भाजीच्या घाऊक बाजारात ती लिलाव पुकारायची. गाड्या रिकाम्या झाल्या की पोत्यांच्या थप्पीवर चढून ती भाव बोलायला लागे, आणि तिचा आवाज या फाटकातून त्या फाटकापर्यंत जाई. व्यापारी तिला भोंगा म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे, उलट कुणी नवखा मान वळवून बघू लागला की ती आणखी दोन सूर चढवत असे. नवरा त्याच बाजारात हमाल होता. लग्नानंतर त्याने एकदा, एकदाच, तिच्या कानाखाली वाजवली. आक्काने तराजूतलं लोखंडी वजन उचलून त्याच्या खांद्यात घातलं. हाड मोडलं. त्यानंतर तो जन्मभर तिच्याशी अदबीने वागला, आणि तापाने गेला तेव्हा आख्खा बाजार ऐकेल अशी ती रडली.

या एका प्रसंगावर आक्काचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं. मार खाल्लेली बाई बघितली की तिला दया यायची, पण त्या दयेच्या तळाशी थोडी तुच्छताही असायची. एक ठेवून द्यायची होतीस की, असं ती मनात म्हणायची. आता सगळ्या नवऱ्यांचे खांदे काही तिच्या नवऱ्यासारखे ठिसूळ नसतात आणि सगळ्या बायकांच्या हाताशी लोखंडी वजन नसतं, पण हे तिला कोण सांगणार.

बाजारात भाव दाखवणारे दिव्यांचे फलक आले आणि भोंग्याचं काम गेलं. मग ती या घरात आली, आणि इथला पहिला नियम काय, तर आवाज नाही. खुर्च्यांच्या पायांना कापडाच्या टोप्या, दारांच्या चौकटींना रबर, स्टीलची ताटं माळ्यावर आणि जेवायला प्लॅस्टिकची. पायांत मऊ सपाता. मोठ्या बाई पूर्वी इस्पितळात परिचारिका होत्या. त्या म्हणायच्या, या पोरांनी जन्माला पुरेल एवढा आवाज ऐकलाय, आता त्यांना जरा शांतता मिळू दे. त्यांचं म्हणणं बहुतेक पोरांच्या बाबतीत खरंही होतं. भांडं पडलं की थरथरणारी पोरं त्या घरात येऊन चार-सहा महिन्यांत भांडं पडलं तर नुसतं वळून बघू लागत.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आक्काने ती जिवंतपणी घालवून दाखवली. आधी पुटपुटायला शिकली, मग कुजबुजायला, मग खुणा करायला. जिन्याची कुठली पायरी करकरते ते तिने पाठ केलं. शेवटी शेवटी तर ती पोरांच्या खोलीत जाऊन पांघरुणं सारखी करून यायची आणि पोरांना पत्ता लागायचा नाही. मोठ्या बाईंनी एकदा सगळ्यांसमोर तिला शाबासकी दिली, आणि लिलावात मोठा सौदा पटल्यावर व्हायचा तेवढा आनंद आक्काला त्या दिवशी झाला. पुढचा घोळ या शाबासकीतच होता.

विंचू आली ती आई आणि धाकट्याबरोबर. आईचा जबडा मोडलेला होता आणि दात तारांनी बांधून टाकलेले होते, त्यामुळे ती नळीने पातळ काहीबाही प्यायची आणि बोलायची नाही. धाकटा दोन-अडीच वर्षांचा. तो बहिणीची वेणी मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. बाप औषधांच्या दुकानात कामाला होता. दारू पीत नव्हता, विडीही ओढत नव्हता, शेजारीपाजारी त्याला देवमाणूस म्हणत. त्या देवमाणसाने बायकोचं तोंड सांडशीने फोडलं होतं आणि मधे पडलेल्या पोरीला केसांनी धरून दाराच्या कडेवर आपटलं होतं. उवा काढायला म्हणून आक्का तिच्या डोक्याजवळ बसली तेव्हा तिला केसांत टक्कल पडलेले गोल चट्टे दिसले. मुळापासून उपटलेल्या केसांच्या जागा होत्या त्या. आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पोरीबद्दल माया वाटायला लागली असं मात्र म्हणता येणार नाही. पाय अजून ठणकत होता.

आणि पोरगी कुणाला माया करू देईल तर ना. आठवड्यातून एकदा येऊन पोरांशी बोलणाऱ्या एक शिकलेल्या बाई होत्या. पोरं त्यांना प्रश्नताई म्हणत. त्या हळूच येऊन तिच्या शेजारी बसल्या, तर विंचूने लाकडी पट्टीने त्यांची भुवई फोडली. एक मोठी मुलगी आपली बाहुली परत घ्यायला चवड्यांवर चालत खोलीत आली, तर विंचूने तिच्या बोटांवर दार लोटलं आणि धरून ठेवलं. नख उपटून आलं. दाराच्या रबरावर रक्त वाळलं होतं ते आक्कानेच पुसलं. एका पोराचा दात पाडला. प्रत्येक वेळी झाल्यावर ती तशीच भिंतीला पाठ लावून उभी राहायची, रडायची नाही, पळायची नाही, आणि धाकट्याला भिंत आणि आपण यांच्यामध्ये ठेवायची.

शेवटी सरकारच्या बालकल्याण समितीची माणसं आली आणि मोठ्या बाईंना बजावून गेली. इथे दुसरी पोरंही आहेत. आणखी एकदा असं काही झालं तर या मुलीला दुसऱ्या संस्थेत हलवायचं, मारक्या मुलांसाठी जी वेगळी आहे तिथे. आई इथे, भाऊ इथे आणि ही तिकडे. मोठ्या बाईंनी पुष्कळ वाद घातला, पण उपटलेल्या नखापुढे काय बोलणार. त्या रात्रीच्या जेवणाला बसल्या नाहीत.

ही जाते तर जाऊ दे, असं आक्काला तेव्हा वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने त्याहून मोठा गाढवपणा केला. विंचूची आई स्वयंपाकघरात बसून नळीने दूध पीत होती आणि आक्का भांडी विसळता विसळता आपलं तत्त्वज्ञान सांगत होती. बोलता बोलता ती म्हणून गेली की टाळी काही एका हाताने वाजत नाही. आईला उत्तर देता येत नव्हतं. ती दूध तसंच ठेवून उठून गेली. मोठ्या बाईंनी आक्काला बोलावून घेतलं आणि दार लावून, अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तिचा जबडा कुठल्या टाळीने मोडला, ते मला सांग." माणसाला लाज कशाने वाटावी याचा नेम नाही. बाजारात शिव्या खाऊन न लाजलेली आक्का त्या प्रश्नाने कानापर्यंत लाल झाली.

जबड्याच्या तारा निघाल्या त्या दिवशी आई पहिल्यांदा बोलली. मोठ्या बाई होत्या, प्रश्नताई भुवईवर टाके घेऊन होत्या, आणि आक्का चहा द्यायला गेली ती तिथेच उभी राहिली. प्रश्नताईंनी विचारलं की पोर कशाला एवढी बिचकते, नवरा ओरडायचा का फार. आई अजून तोंड नीट उघडत नव्हती. नवऱ्याला ती अजूनही अहो-जाहो करत होती, त्याचाही आक्काला राग आला.

"ओरडायचे तेव्हा काही नव्हतं," आई म्हणाली. "ओरडत असले की आम्ही जेवून घ्यायचो. ही अभ्यास करायची. झोपायचीसुद्धा, ते ओरडत असले तरच. तोंड चालू असेपर्यंत हात चालत नसे. गप्प झाले की मग."

"मग काय?"

"दारातच बूट काढायचे. मोज्यांवर यायचे. मागून."

कुणी काही बोललं नाही, आणि त्या न बोलण्याचाच सगळ्यांना धाक वाटू लागला. गर्जेल तो पडेल काय, असं आपण सहज म्हणतो. बापाच्या घरात पोरीने ते अंगावर शिकून घेतलं होतं. इथे आणून आपण तिला काय दिलं, हे आता एकेकीच्या ध्यानात यायला लागलं. मऊ सपाता. न वाजणारी दारं. कुजबुजणाऱ्या बायका, मागून हळूच येणाऱ्या. सकाळपासून रात्रीपर्यंत इथे असा एकही क्षण नव्हता की ज्यात त्या पोरीच्या मागे तिचा बाप मोज्यांवर उभा नव्हता. आक्काला स्वतःचा पाय आठवला, हातातलं फडकं आठवलं, ती शाबासकी आठवली, आणि चहाचा ट्रे तिने टेबलावर ठेवला तो वाजला.

आता उपाय सोपा होता असं वाटेल, पण तसा तो नव्हता. आवाज करावा तर बाकीची पोरं पलंगाखाली जाणार. एकीचं औषध ते दुसऱ्याचं विष. मोठ्या बाई आणि प्रश्नताई दोन दिवस डोकं धरून बसल्या आणि त्यांनी ठरवलं की आवाज चढवायचा नाही, पण त्या पोरीपाशी गप्पही राहायचं नाही. तिच्या आसपास जाणाऱ्याने येताना, जाताना, शेजारी असताना साध्या आवाजात बोलत राहायचं. घरातल्या सगळ्यांना सांगितलं. बाकीच्यांना दहा मिनिटांत विषय संपल्याचं जाणवलं. आक्काला विषय संपणं हा प्रकारच माहीत नव्हता.

"आक्का आली हं जिन्यावर. पाचवी पायरी. गुडघा दुखतोय मेला. हातात चादरी आहेत, एक फाटकी आहे, ती तुला नाही देणार. आता दारात आले. दार उघडते." असं दिवसभर चाले. कांदा चिरताना कांद्याचं, कणीक मळताना कणकेचं. लिलावाचा भोंगा आता वात कमी केलेल्या कंदिलासारखा मंद चालू होता. पहिले काही दिवस विंचू भिंतीला पाठ लावून नुसती ऐकायची. मग एकदा आक्काने सहावी पायरी म्हटलं तेव्हा खोलीतून आवाज आला, "सातवी." त्या दिवशी भाजी करपली तरी आक्का हसत होती.

तिने मारणं लगेच सोडलं असं नाही. एकदा आक्का शिंकली आणि मग क्षणभर गप्प राहिली, तर पोरीने उलथनं फेकून मारलं. ते भिंतीला लागलं, मोठ्या बाईंना कळलं नाही, आणि आक्कानेही कळवलं नाही. पण ती स्वयंपाकघरात यायला लागली. धाकट्याला मांडीवर घेऊन मटार सोलायची. आक्काच्या बोलण्यात चूक काढायची. मारकी पोर म्हणून समितीची माणसं पुन्हा चौकशीला आली तेव्हा मोठ्या बाईंनी ताठ मानेने सांगितलं की महिनाभर काही नाही. आता ही इथेच राहील, आईजवळ, भावाजवळ, असं सगळ्यांना वाटायला लागलं होतं. आक्काला तर इतकं वाटायला लागलं होतं की ती मनातल्या मनात पोरीच्या शाळेचा डबाही भरू लागली होती.

पत्ता कुणाला सांगायचा नाही, आणि कुणी सांगितलाही नव्हता. पण आईचा जबडा बांधलेला होता तोवर तिला ठरावीक पातळ औषधं लागत होती, आणि ती कुठल्या दुकानातून कुठे गेली हे औषधवाल्याला शोधून काढायला फार अक्कल लागत नाही. दुपारची वेळ होती. आईला घेऊन मोठ्या बाई इस्पितळात गेल्या होत्या. वरच्या मजल्यावर पोरं झोपली होती, त्यात धाकटाही. भाजीचे क्रेट आत घ्यायला म्हणून आक्काने मागचं दार उघडं ठेवलं होतं. भाजीवाला गाडीकडे गेला, आणि त्याच्या आणि दाराच्या मधल्या वेळात बाप आत आला.

आक्का पाठमोरी होती. ती मिरच्यांना नावं ठेवत होती, या काय मिरच्या, या तर चुकून हिरव्या झालेल्या काड्या. पोरीचं उत्तर येईना म्हणून तिने मान वळवली. विंचू ओट्याला पाठ लावून उभी होती, हातातल्या शेंगा खाली सांडल्या होत्या, आणि आक्काच्या खांद्यावरून ती मागे बघत होती. आक्का वळली तोवर पहिला फटका कानावर बसला. बुटाची टाच होती. दुसरा बूट त्याच्या डाव्या हातात होता. पायांत करडे मोजे, स्वच्छ धुतलेले.

त्याने एक शब्द काढला नाही. आक्का पडली तसा त्याने तिच्या मनगटावर पाय दिला आणि पूर्ण भार टाकला. हाड मोडल्याचा आवाज आक्काने आधी ऐकला आणि दुखलं मागाहून. मग बूट टाकून त्याने पोरीचे केस धरले, सवयीने, जिथे धरायचे तिथेच, आणि तिला ओट्याच्या कोपऱ्यावर आपटलं. कपाळ फुटलं. पोरगी ओरडली नाही. त्याने पुन्हा मागे खेचलं. त्याला ती न्यायची होती की मारायची होती, हे त्याचं त्यालाही ठाऊक असेल असं वाटत नाही.

आक्काच्या हाताला खलातला बत्ता लागला. पितळी, वजनदार. तिने पडल्या जागेवरून तो त्याच्या गुडघ्यावर घातला. गुडघा वाकायच्या बाजूच्या उलट वाकला. तो पोरीला सोडून खाली आला, आणि आक्का उठली. तिने त्याचा हात मोडला, ज्या हाताने केस धरले होते तो. मग खांदा. मग बरगड्या. तो सरपटत दाराकडे जायला बघत होता आणि ती त्याच्या मागून चालत होती, मारत होती. कानातून रक्त गळत होतं, डावा हात लोंबत होता, आणि उजवा हात वर जात होता, खाली येत होता. तो हलायचा थांबला. हात थांबला नाही. आणि त्या सगळ्यात, रागाच्या भरात जन्मात पहिल्यांदाच, आक्काच्या तोंडून चकार शब्द निघत नव्हता.

"आक्का," मागून आवाज आला. "आक्का, बोल ना."

बत्ता वर होता. खाली त्याचं डोकं होतं.

"आक्का, बोल."

आक्काने मान वळवली. विंचूचं तोंड रक्ताने भरलं होतं आणि ती बापाकडे बघत नव्हती. ती आक्काकडे बघत होती, भिंतीला पाठ लावून, पहिल्या दिवशी पातेलं घेऊन उभी होती तशी. आक्काने बत्ता खाली ठेवला. काहीतरी बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण काय बोलावं ते सुचेना, आणि तेवढ्यात भाजीवाला आत आला आणि त्याने बोंब ठोकली.

बाप जगला. पोलीस त्याला स्ट्रेचरवरून घेऊन गेले. आक्काचं कौतुक सगळ्यांनी केलं. भाजीवाल्याने गल्लीभर सांगितलं, पोलीस म्हणाले की अशा बाया पाहिजेत. दुसऱ्या दिवशी आक्का हात प्लॅस्टरमध्ये घेऊन परत आली तेव्हा घरातल्या बायका तिच्या पाया पडायच्या बाकी होत्या. मोठ्या बाईंनी कौतुक केलं नाही. त्यांनी तिच्या कानाचे टाके बघितले आणि एवढंच विचारलं, "पडल्यावरही मारलंस ना?" आक्काने हो म्हटलं. मोठ्या बाई म्हणाल्या, तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही, पण पोरीने ते पाहिलंय.

पोरगी कपडे धुवायच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाखाली शिरून बसली होती. कपाळाला टाके घालून आणल्यापासून तिथेच. हातात जेवणाचा काटा. प्रश्नताई बोलत बोलत गेल्या, तर काटा त्यांच्या हातात रुतला. आईलाही जवळ येऊ देईना. धाकटा बाहेर रडून रडून निळा पडला, तरी नाही. समितीच्या बाई येऊन दारात उभ्या होत्या. त्या वाईट नव्हत्या, पण प्रश्नताईंच्या हातातून रक्त येताना त्यांनी पाहिलं होतं, आणि मोठ्या बाईंना त्या म्हणत होत्या की आता हिला हलवण्यावाचून इलाज नाही, गाडी बोलावते. मोठ्या बाईंनी आक्काकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघायलाच तयार नसेल, असं आक्का म्हणाली. तरी ती आत गेली.

आत जाताना ती बोलली नाही असं नाही. आक्का आली, दार लोटते, खाली बसते, असं नेहमीसारखंच ती म्हणाली, पण त्या शब्दांत आता काही दम नव्हता हे तिलाही ऐकू येत होतं. बोलणारं माणूस मारत नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर त्या पोरीने विश्वास टाकला होता. बोलणारं माणूस गप्प झालेलं तिने काल डोळ्यांनी पाहिलं होतं. आक्का फरशीवर बसली, टेबलापासून हातभर दूर. साबणाचा वास येत होता, आणि टेबलाखालून काट्याची टोकं दिसत होती.

"मी त्याला मारून टाकणार होते," आक्का म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

काट्याची टोकं तिच्याकडे वळली.

"तुला वाचवायला मारलं, हे पहिल्या दोन-चार फटक्यांपुरतं खरं. पुढचे माझे होते. मला बरं वाटत होतं मारताना. तुझा बाप मारताना असाच दिसायचा का?"

दारात समितीच्या बाईंनी घड्याळ पाहिलं आणि मोठ्या बाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"मी पप्पांनापण म्हणायचे," टेबलाखालून आवाज आला. बारीक, आणि अगदी साधा, काल काय जेवलो ते सांगावं तसा. "पप्पा, बोला ना. असं म्हणायचे. दर वेळी म्हणायचे."

आयुष्यभर ज्या गळ्यावर आक्काने भाकरी कमावली तो गळा ऐन वेळी बंद पडला.

"ते थांबायचे नाहीत," पोरगी म्हणाली. मग, जसं काही तिलाही हे आत्ताच ध्यानात येत होतं, ती म्हणाली, "तू थांबलीस."

काटा फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. आधी एक पाय बाहेर आला, मग टाके घातलेलं कपाळ. ती आक्काच्या धड हाताच्या बाजूला येऊन बसली, अंगाला अंग न लावता. मग लावून. आक्काला खूप काही बोलायचं होतं. शाळेचं बोलायचं होतं, मिरच्यांचं बोलायचं होतं, सॉरी म्हणायचं होतं. रडत होती ती, आणि रडतानाही तिचा आवाज निघत नव्हता. दारातल्या बायका हलल्या नाहीत. धाकटा कुणाच्या तरी कडेवर हुंदके देत होता तोही थांबला. त्या खोलीत इतकं शांत झालं की नळाचा थेंब ऐकू येऊ लागला, आणि मग आक्काच्या लक्षात आलं की आपण कितीतरी वेळ एक अक्षर बोललेलो नाही. तिने दचकून खाली पाहिलं. विंचू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पाठ दाराकडे होती.